इमान वेल्लानी आणि मशिदीतून गेलेल्या चपला

मुसलमान मुलगी म्हटली की आपल्या सिनेमातले दोनच चेहरे मला आठवतात. एक नकाबाआडून डोळे दाखवणारी लखनवी नायिका, 'चौदहवीं का चाँद', 'मेरे महबूब'मधली. दुसरी बापाच्या धाकात दबलेली, कुणीतरी येऊन सोडवेल म्हणून वाट पाहणारी. घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी बोलणारी, अभ्यास करणारी, चिडणारी, हसणारी मुलगी आमच्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. पडद्यावर मात्र ती क्वचितच दिसते. म्हणून कॅनडाच्या इमान वेल्लानीबद्दल लिहावेसे वाटले.

इमानचा जन्म २००२ चा, कराचीतला. घराणे इस्माइली. ती साधारण वर्षाची असताना आईवडील कॅनडात गेले आणि टोरंटोजवळच्या मार्कहॅममध्ये ती वाढली. कॉमिक्सचे तिला वेड. 'मिस मार्व्हल'चा पोशाख घालून ती शाळेत गेली, तर सोबतच्या मुलांना तो 'फ्लॅश'चा वाटला! त्या कॉमिक्समधली कमला खान ही जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी. इमानला तिच्यात स्वतःचे घर दिसले.

पुढे मार्व्हल कंपनी कमलाच्या भूमिकेसाठी मुलगी शोधू लागली. ती जाहिरात इमानपर्यंत पोहोचली कशी? मावशी-आत्यांच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधून! व्यावसायिक अभिनयाचा अनुभव शून्य, तरी २०२० मध्ये भूमिका तिला मिळाली. जून २०२२ मध्ये सहा भागांची मालिका आली. कमलाची अम्मी झाल्या मुंबईत जन्मलेल्या झेनोबिया श्रॉफ, अब्बा झाले मोहन कपूर. पाचव्या भागात फाळणीच्या वेळची रेल्वे आहे, माणसांची ताटातूट आहे. तो इतिहास दोन्ही देशांचा आहे.

पण मला सर्वात जवळचा वाटला तो मशिदीचा प्रसंग. नमाजानंतर कमलाच्या मैत्रिणीच्या, नाकियाच्या, चपला चोरीला जातात. हे पाहून कुणाला हसू येणार नाही? त्याच मशिदीत बायकांचा भाग वेगळा आणि पडझड झालेला. नाकिया रडत बसत नाही, मशीद सोडूनही जात नाही. ती मशिदीच्या कमिटीची निवडणूक लढवते.

आपल्याकडे अनेक मशिदींत बायकांसाठी पडका भागही नाही. पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्याने २०१९ मध्ये यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये न्यायालयाला सांगितले की स्त्रियांना मशिदीत नमाजाची मुभा आहे. मुभा आहे, मग वजूची सोय कुठे आहे? सफ कुठे आहे? हे आपल्या बायकांनी विचारले की 'बाहेरच्यांच्या तोंडी आयते कोलीत कशाला देता' असे ऐकवले जाते. नाकियाने उत्तर दिले आहे: मशीद आमचीही आहे, म्हणूनच विचारतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये इमानचा 'द मार्व्हल्स' चित्रपट आला आणि तिकीटबारीवर आपटला. त्याच वर्षी तिने कमलाच्या कॉमिक्सचे सहलेखनही केले. मला ती बातमी मोठी वाटते. दुसऱ्याने लिहिलेली मुसलमान मुलगी साकारणे ही एक पायरी, ती स्वतः लिहिणे ही त्यापुढची. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलींनीही आता स्वतःची गोष्ट लिहायला घ्यावी. मराठीत लिहावी.