ताईचा स्लॉट

८ मार्च २०२४ ला अकिरा तोरियामा गेल्याची बातमी आली. गेले होते ते १ तारखेलाच. अंत्यविधी घरच्यांपुरता उरकून मग जगाला कळवलं. बहुतेक लोक त्यांना ‘ड्रॅगन बॉल’मुळे ओळखतात. मला मात्र त्यांनी एका जुन्या गेमसाठी चितारलेली माणसं आठवली. ताठ उभ्या लाल केसांचा एक मुलगा, चष्मेवाली एक यंत्रवेडी मुलगी, तलवार घेऊन फिरणारा एक बेडूक. १९९५ सालचा ‘क्रोनो ट्रिगर’. जपानमधल्या दोन तगड्या गेममालिकांचे कर्ते, ‘फायनल फँटसी’चे हिरोनोबू साकागुची आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे युजी होरी, त्यासाठी एकत्र आले होते आणि चित्रांना तोरियामा. संगीत यासुनोरी मित्सुदा नावाच्या तरुणानं इतकं जीव लावून केलं की पोटात अल्सर झाले आणि राहिलेलं काम नोबुओ उएमात्सूंना पुरं करावं लागलं.

हे सगळं मला पुढे कळलं. जयपूरला आमच्या घरी तो गेम आला तेव्हा तो कुणी केलाय, कधी केलाय, काही ठाऊक नव्हतं. नाना एजी ऑफिसात होते, आम्ही बजाजनगरला राहायचो. जयंती बाजारातून जुळवून आणलेला कॉम्प्युटर हॉलमध्ये कूलरच्या शेजारी ठेवलेला, कारण मे महिन्यात दुसरीकडे कुठे बसणं शक्यच नव्हतं. हा गेम ज्याच्यासाठी केला होता ते सुपर निन्टेंडो हे यंत्र आम्ही डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. ताईच्या वर्गातल्या कुणीतरी एक सीडी जाळून दिली, तिच्यात झेडस्नेस हा, कॉम्प्युटरला त्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा इम्युलेटर आणि दहा-वीस गेम होते. झेडस्नेसमध्ये एफ-टू दाबलं की आहे तो क्षण जसाच्या तसा साठवला जायचा आणि एफ-फोर दाबलं की परत यायचा. ताई प्रत्येक लढाईच्या आधी एफ-टू दाबायची. पुढे ती घरातली भाषाच झाली. अजमेरी गेटला रस्ता ओलांडताना ती माझा हात धरून म्हणायची, “एफ-टू.” माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आईसुद्धा म्हणाली.

गेममधल्या पात्रांना आपण नावं द्यायची असतात, पण पाचच रोमन अक्षरांत बसतील अशी. नायक अख्ख्या गेममध्ये तोंड उघडत नाही, म्हणून ताईनं त्याला माझं नाव दिलं. बी-ए-एल-वाय-ए. “एक तरी बाळ्या गप्प बसेल,” म्हणाली. घरातून पळालेल्या राजकन्येला तिनं आपलं नाव दिलं, टी-ए-आय. यंत्रमानवाचं नाव नाना. बेडकाला काही सुचलं नाही, तो फ्रॉगच राहिला.

गोष्ट सुरू होते इसवी सन १००० मधल्या जत्रेत. ताईच्या मते ती सरळसरळ त्रिपोलियाची तीज होती, फक्त हत्ती नव्हते. तिथून काळाच्या भगदाडांतून मागे-पुढे फिरायचं: ६००, २३००, डायनोसॉरांचं युग, इसवी सनपूर्व १२०००. लाव्होस नावाचा राक्षस १९९९ मध्ये जमिनीतून वर येऊन जगाचा नाश करणार असतो. आम्ही खेळत होतो २००४-०५ मध्ये, त्यामुळे त्याचं भय वाटायचं कारण नव्हतं. इंग्रजी संवाद ताई मोठ्यानं वाचायची, लगेच मराठीत सांगायची, रंग चढला की हिंदीत. आई स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला वाटायचं ही मालिकाच आहे, आणि ते काही फार चूक नव्हतं.

इसवी सनपूर्व १२००० मध्ये झील नावाचं ढगांवरचं राज्य आहे. तिथे शाला नावाची राजकन्या आणि जेनस हा तिचा धाकटा भाऊ. जेनस घुमा, तुसडा, मांजराशिवाय कुणाशी धड बोलत नाही. शाला त्याला जपते, स्वतःजवळचा ताईत देते. ताईला भलताच आनंद झाला. “हे बघ, तुझं खरं पात्र सापडलं!” मला जेनस अजिबात आवडला नाही. पुढे कळतं की ज्या मेगस नावाच्या काळ्या जादूगाराशी आपण अर्धा गेम झगडलो, तो म्हणजे हाच मुलगा, काळाच्या भगदाडात फेकला जाऊन दुसऱ्याच युगात वाढलेला. सगळा थयथयाट बहीण हरवल्याचा. मला त्याची दया आली नाही. त्यानंच तर फ्रॉगला माणसाचा बेडूक केलं होतं, त्याच्या मित्राला मारलं होतं.

मग समुद्राखालच्या महालात लाव्होस जागा होतो आणि बाळ्या मरतो. एकटा पुढे होतो, उजेडात विरून जातो. त्या काळच्या गेममध्ये साथीदार मरायचे, पण नायकच मेला आणि गेम पुढे चालूच राहिला, असं फारसं कुणी केलं नव्हतं. शालाही तिथेच, कोसळत्या महालात मागे राहते. मी ताईला म्हटलं, एफ-फोर दाब. तिनं दाबलं, आम्ही ती लढाई पुन्हा पाहिली. बाळ्या पुन्हा मेला. तो मरावा असंच लिहिलेलं होतं.

तोवर ताईला रक्ताचा आजार असल्याचं निघालं होतं. बारावी झालेली, कॉलेज सुरू व्हायचं होतं. त्या उन्हाळ्यात ती बरं वाटेल तेव्हा खेळायची, बरेचदा मी शाळेत असताना. मी घरी आलो की विचारायचो, पुढे गेलीस का? ती म्हणायची, थोडीशी. पावसाळा संपता संपता ती गेली. आदल्या आठवड्यात दवाखान्यात तिनं मला एकदाच “एफ-टू दाब रे” म्हटलं आणि मी पलंगाच्या कडेवर बोट दाबलं होतं.

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्र आहे, २७ मीटर उंचीचं दगडी छायायंत्र. सवाई जयसिंहांच्या दरबारी खगोलशास्त्राचे ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट मराठी होते, त्यामुळे शाळेच्या सहलीत आम्ही दोघं उगाच कॉलर ताठ करून फिरलो होतो. सम्राट यंत्राची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, डोळ्यांना सरकताना दिसते. ते दाखवतं ती जयपूरची स्वतःची वेळ, भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटं मागे, ऋतूप्रमाणे थोडं कमी-जास्त. ताईच्या मृत्यूच्या दाखल्यावर वेळ नव्हती, पण ती आम्हाला पाठ होती, भिंतीवरच्या घड्याळातली. त्यानंतर कित्येक वर्षं मी हा हिशेब करत राहिलो, की त्या यंत्राच्या मते तेव्हा ती अजून होती. अशा हिशेबानं काय मिळतं विचाराल तर काही नाही. पण तेरा दिवस, बँक, कॉलेजची फी परत मिळवण्याचे अर्ज यात गुंतलेल्या मोठ्या माणसांच्या घरात चौदा वर्षांच्या मुलाला दुसरं काम तरी काय होतं?

तोरियामांची बातमी आली त्या वर्षी होळीला मी पुण्याहून घरी गेलो आणि माळ्यावरून तो सीपीयू खाली काढला. जयंती बाजारात जुनी हार्ड डिस्क यूएसबीला जोडायची तार मिळाली. दुकानदारानं डिस्क हातात घेऊन माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ती कुठल्यातरी हवेलीतून खणून आणली असावी. झेडस्नेसचा फोल्डर जिवंत होता. गेममध्ये साठवायला तीन स्लॉट. दुसरा माझा, पोरकट, सुरुवातीलाच सोडून दिलेला. तिसरा रिकामा. पहिला ताईचा. मी तो माझ्या लॅपटॉपवर उघडला.

तिच्या चमूत ताई होती, नाना होता. आणि मेगस होता.

गेम खेळलेल्यांना यातलं वजन कळेल. बाळ्या मेल्यानंतर नॉर्थ केपच्या कड्यावर मेगस एकटा भेटतो आणि विचारतो, लढायचंय का? हो म्हटलं तर त्याला मारता येतं. त्याला मारलं तर शेवटी फ्रॉगचा शाप उतरतो, तो पुन्हा माणूस होतो. नाही म्हटलं तर मेगस सोबत येतो आणि फ्रॉग जन्माचा बेडूक राहतो. मी शाळेत जाताना रोज बजावून जायचो, मेगस भेटला की मार त्याला. तिनं सोडला होता. मला सांगितलं नव्हतं. त्याच्या अंगावर शालाचा तो ताईत होता. सामानात गॅस्पर नावाच्या म्हाताऱ्यानं दिलेलं काळाचं अंडं होतं, ज्याच्या जोरावर बाळ्याला परत आणता येतं. आणणं सक्तीचं नाही. त्याच्याविनाही लाव्होसला हरवून गेम संपवता येतो. ताई अंडं घेऊन थांबली होती.

तर पुढचं मी खेळलो. म्हणजे ताईला घेऊन मी मला शोधायला निघालो. आधी जत्रेत जाऊन बाळ्याचा हुबेहूब पुतळा जिंकायचा. तो त्याच्याच घरी, त्याच्या खोलीत येऊन पडतो आणि खाली त्याची आई असते. मग २३०० सालच्या उजाड जगातला डेथ पीक चढायचा. बर्फाचा वारा सुटला की झाडाआड थांबायचं, नाहीतर खाली ढकलले जाता. वर पोचल्यावर अंडं फुटतं, क्षणभर वाटतं सगळं फुकट गेलं, आणि मग आपण त्या महालातल्या मरणाच्या क्षणात पोचतो. काळ थिजलेला असतो. बाळ्याला उचलायचं, त्याच्या जागी पुतळा ठेवायचा. मरण टळत नाही, मरतंच कुणीतरी, त्याच्या चेहऱ्याचं. लेखकांच्या मूळ कल्पनेत तर नायक कायमचाच मरणार होता आणि शेवटच्या लढाईपुरता आधीच्या काळातून आणून परत सोडावा लागणार होता. ते फारच दुःखी वाटलं म्हणून बदललं. बरं केलं. ताईनं माझं नाव दिलेल्या मुलाला ताईनंच कड्यावरून उतरवलं, हे मला मोडक्या ग्राफिक्समध्ये का होईना, पाहायला मिळालं.

शेवटाकडे मी घाई केली नाही. एका वाळवंटी जमिनीवर जंगल उभं करायला यंत्रमानवाला ६०० सालात सोडावं लागतं आणि आपण पुढे १००० सालात जाऊन त्याला घ्यायचं. आपल्याला क्षणभर, त्याला चारशे वर्षं. त्या रात्री शेकोटीजवळून लुका, ती चष्मेवाली यंत्रवेडी मुलगी, एकटी उठते, दहा वर्षं मागे जाते, जिथे तिच्या आईचे पाय यंत्रात सापडणार आहेत. यंत्र थांबवायचा परवलीचा शब्द म्हणजे त्या आईचंच नाव, लारा. कंट्रोलरवर एल, ए, आर, ए, तेही धडपडत, वेळ संपायच्या आत. नाही जमलं तरी गेम पुढे जातो, आई अपंगच राहते. इथे मी एफ-टू न दाबता खेळलो. जमलं. पण तेवढंच. लाव्होस पडला, जत्रा पुन्हा भरली, मांजराच्या मागे धावत बाळ्याची आई काळाच्या भगदाडात शिरली (खरंच असं होतं), आणि मेगस कुणाचा निरोप न घेता निघून गेला. शाला १९९५ च्या या गेममध्ये परत येत नाही.

जेवताना नानांनी विचारलं, “संपला का? मी काय केलं त्यात?”

“चारशे वर्षं झाडं लावलीत.”

“पेन्शन?”

“नाही. पण ताई आणि मी घ्यायला आलो होतो.”

नानांनी मान डोलावली आणि बेडकाचं विचारलं. बेडूक बेडूकच राहिला हे त्यांना पटलं नाही. एका माणसाच्या सुटकेसाठी दुसऱ्यानं का भोगायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तो निर्णय ताईचा होता. तरी ते धुसफुसत राहिले, सोडायचं होतं तर फ्रॉगला विचारून सोडायचं.

आईनं भाकरी ताटात टाकली. “आणि त्या घुम्या मुलाची बहीण? सापडली?”

“नाही.”

“मग संपला कसा म्हणतोस?”

पुढचा भाग आहे, मी सांगितलं, ‘क्रोनो क्रॉस’, १९९९ चा. त्यात शालाचा शोध पुढे चालतो, पण फार गुंतागुंतीचा आहे, निम्मी माणसं वेगळीच आहेत. २०२२ मध्ये नव्यानं निघालाय, विकत मिळतो.

“केवढ्याला?” आई म्हणाली. “घे. मी ऐकते.”