मागच्या सीटचं माप

मोटारसायकल ही तरुणांनी चालवायची वस्तू आहे, असं तरुणांचं मत असतं. वयस्कांचं तसं नसतं. पण वयस्कांच्या कमरेचं असतं. आणि शेवटी घरात काय किंवा शरीरात काय, निर्णायक मत कुणाचं असतं हे आपल्याला ठाऊकच आहे.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. ते भिंतीला टांगून मी दुसऱ्याच दिवशी साडेतीनशे सीसीची, एकशे नव्वद किलो वजनाची, लांब पल्ल्याची म्हणतात तसली मोटारसायकल नोंदवून आलो.

"अहो, पण कशाला?" सौ.नं विचारलं.

"हरिहरेश्वरला जायला."

हरिहरेश्वरला एस. टी. जाते हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. पण आमच्या घरात ते नुसतं गावाचं नाव नाही. १९८९ साली लग्न झाल्यावर आम्ही माझ्या येझदीवरून तिथं गेलो होतो. येझदीची गंमत अशी, की तिला किक आणि गिअर मिळून एकच दांडी. "एकाच दांडीनं घरातली दोन कामं करावीत, एवढी अक्कल तुमच्या गाडीला आहे," असं सौ. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी म्हणाली होती आणि पुढचा संसार कसा होणार याचा मला तिथल्या तिथं अंदाज आला होता. पुढं मुलीची शाळा आली, तिच्यासाठी स्कूटर आली, येझदी विकली गेली. म्हैसूरचा तो कारखानाही १९९६ साली बंद पडला. "पुन्हा एकदा जाऊ या हं," हे वाक्य मात्र आमच्याकडं दर दिवाळीला फराळाच्या डब्यांबरोबर बाहेर निघायचं आणि डब्यांबरोबर पुन्हा माळ्यावर जायचं.

तर नवी गाडी आली, हार घातला, नारळ फोडला आणि एका रविवारी पहाटे आम्ही निघालो. पौडला सौ. म्हणाली, "थांबवा." चहासाठी असेल म्हणून मी थांबलो. ती उतरली, एक हात कमरेवर ठेवून सरळ उभी राहिली आणि तिथल्या माणसाला विचारती झाली, "पुण्याची एस. टी. किती वाजता?"

दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्यातली चकती सरकली होती. तीन आठवडे ती अंथरुणाला खिळून होती आणि मी घरात साखरेचा डबा कुठं असतो हे शिकलो होतो. "धक्के टाळा," डॉक्टरांनी बजावलं होतं. परतताना एस. टी. पुढं आणि तिच्या मागून मी, अशी आमची वरात पुण्यात शिरली. घरी आल्यावर ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला फोटो दाखवा."

हे वाक्य मला लागलं. गाडी सुखासीन केल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही असं मी ठरवलं. तसंही त्या गाडीवर स्वस्थ बसता येतच नव्हतं.

पहिली स्वारी नाना पेठेत. गाडीचा कुठलाही अवयव मिळावा अशी ही पेठ. तिथल्या एका सीटवाल्यानं सीट दाबून पाहिली, वैद्य नाडी पाहतो तसं तोंड केलं आणि म्हणाला, "काका, फोम वाढवू. लोण्यासारखा." दोन इंच लोणी घालून सीट परत आली. तिचे दोन परिणाम झाले. एक, माझी उंची पाच फूट चार इंच असल्यामुळं पाय जमिनीला लागेनासे झाले आणि प्रत्येक सिग्नलला मी नर्तकीसारखा एका चवड्यावर उभा राहू लागलो. दोन, लोणी अर्ध्या तासात वितळलं. मऊ फोमचा हा स्वभावच आहे. दुकानात बोटानं दाबला की छान वाटतो, पण माणूस बसला की चपटा होतो आणि बसणारा खालच्या पत्र्यावर येऊन टेकतो. लांबच्या प्रवासाला फोम घट्टच हवा, हे मला दुसऱ्या सीटवाल्यानं सांगितलं. अर्थात पैसे घेऊन.

मग हँडल. ते उंच केलं की पाठ ताठ राहते, असं कळलं. खाली ठोकळे घालून हँडल दीड इंच वर घेतलं. पाठ ताठ झाली, पण अ‍ॅक्सिलरेटरची केबल होती तेवढीच राहिली. आता हँडल डावीकडं वळवलं की केबल ताणली जाई आणि गाडी आपण होऊन भरधाव निघू पाही. आमच्या सोसायटीचं फाटक डावीकडं आहे. आठवडाभर मी घरी ज्या उत्साहानं परतलो, तेवढ्या उत्साहानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही परतलो नसेन. शेवटी मिस्त्रीनं लांब केबल घातली आणि वॉचमन पुन्हा माझ्याशी बोलू लागला.

नंतर पुढं वाऱ्याची काच, मागं टेकायला पाठ, बाजूला लोखंडी सांगाडे. गाडीची अवस्था लग्नातल्या करवलीसारखी झाली. आणि एवढं सगळं करून सौ.ला कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत नेलं, तर पहिल्याच गतिरोधकाला ती "आई गं" म्हणाली. ते इतकं हळू म्हणाली, की मला ऐकू येऊ नये अशीच तिची इच्छा असावी.

अशा वेळी भाचा आला. तो इंजिनिअर आहे. म्हणजे घरातला मिक्सर बिघडला की तो सोडून सगळं दुरुस्त करतो. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "मामा, गाडी बसते किती, ते मोजलंस?"

"गाडी कुठं बसते? बसतो आपण."

त्यानं सौ.च्या शिवणाच्या डब्यातला टेप मागवला. गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी आलं. चाकाच्या आसापासून वर सीटखालच्या एका बोल्टपर्यंतचं अंतर त्यानं मोजलं. मग मला स्टँडवरून काढलेल्या गाडीवर बसवून तेच अंतर पुन्हा मोजलं. दोहोंतला फरक तीस मिलिमीटर. "चाकाला वरखाली व्हायला शंभर मिलिमीटर जागा आहे," तो म्हणाला. "माणूस बसल्यावर त्यातली साधारण एक तृतीयांश खर्च व्हावी. तुझ्या एकट्यासाठी गाडी अगदी मापात आहे. आता मामी, तू बस."

"मी वजन सांगणार नाही," सौ. म्हणाली.

"वजन नको, फक्त मिलिमीटर."

मिलिमीटरात काही अब्रू जात नाही अशी खात्री झाल्यावर ती चढली. भाच्यानं टेप लावला. पन्नास! म्हणजे आम्ही दोघं नुसते बसण्यातच निम्मी स्प्रिंग संपत होती आणि उरलेल्या निम्मीनं पुणे जिल्ह्यातले खड्डे सोसायचे. मोठा खड्डा आला की शॉकअप थेट तळाला जाऊन आपटायचा आणि त्या आपटण्याच्या नेमकी वर सौ.ची कंबर होती.

सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीतून भाच्यानं एक आकड्यासारखा पाना काढला. मी त्याला इतके दिवस बाटली उघडायचं साधन समजत होतो. मागच्या दोन्ही शॉकअपना खाली एकेक खाचांची रिंग असते, पाच पायऱ्यांची. आमची पहिलीवर होती. त्यानं दोन्हीकडच्या रिंगा सारख्याच फिरवून चौथीवर नेल्या. "यानं स्प्रिंग कडक होत नाही," तो म्हणाला. "ती आधीच थोडी दाबून ठेवलेली असते, म्हणून तुम्ही बसल्यावर गाडी कमी खचते." पुन्हा टेप लावला. छत्तीस.

पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. तोवर माझे नाना पेठेत किती गेले होते, हे मी सौ.ला अजून सांगितलेलं नाही. वाचकांपैकी कुणी सांगू नये.

पण मला खरा धक्का पैशांचा बसला नाही. गाडी पहिल्या दिवसापासून माझ्या मापाची होती. वाईट काय आहे ते मला कळत नव्हतं, कारण मला काही वाईट लागतच नव्हतं. सीट माझी मऊ केली, हँडल माझं उंच केलं, काच माझ्या तोंडापुढं लावली. आणि सगळं केलं तिच्यासाठी! आमच्या संसारातल्या आणखी किती रिंगा अशा पहिल्या पायरीवर राहिल्या असतील, याचा हिशेब मी त्या रात्री करायला घेतला होता. झोप लागली म्हणून वाचलो.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हळू जा, दर तासाला उतरून चाला, दुखलं की तिथंच थांबा." थंडीत आम्ही निघालो. पौड आलं. मी आरशात पाहिलं. "चला पुढं," मागून आवाज आला. ताम्हिणी उतरलो, माणगावला जेवलो, म्हसळ्याला ती उगाचच उतरून चालली आणि दिवेलागणीला हरिहरेश्वरला समुद्र दिसला. "एवढं काही वाईट नव्हतं," सौ. म्हणाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत मला मिळालेली ही सर्वोच्च पदवी आहे.

रिंग अजून चौथ्या पायरीवरच आहे. मिस्त्री म्हणतो, "काका, एकटेच फिरता ना रोज? मग खाली घ्या, दोन मिनिटांचं काम. उगाच धक्के कशाला खाता?" खरं आहे त्याचं. एकटा असलो की गाडी ताठ राहते आणि प्रत्येक गतिरोधक मला मागची सीट रिकामी असल्याचं कळवतो. मी त्याला "बघू" म्हणतो.

परवा मंडईतून आलो. सौ.नं पिशवी ओतली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, टोमॅटो असे कसे हो फुटतात रोज तुमचे?"

"रस्ते वाईट आहेत," मी म्हणालो.