लाल विटांखालचं पाणी

हॅम्बुर्गच्या श्पायशरश्टाटमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा ओहोटी होती. कालव्यातलं पाणी खाली गेलेलं, गोदामांच्या पायथ्याच्या विटा हिरव्या शेवाळानं माखलेल्या आणि हवेत चिखलाचा तो ओळखीचा वास. समुद्र इथून शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे, तरी एल्ब नदीच्या मुखातून भरती-ओहोटी रोज दोनदा इथवर पोहोचते. पुलाच्या कठड्याला टेकून मी वर बघत राहिले. सहा-सात मजली लाल विटांची गोदामं कालव्याच्या दोन्ही अंगांना भिंतीसारखी उभी होती, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर, टोपीखाली दडवल्यासारखी, एक यारी.

"मावशी, सगळे खाली होड्यांचे फोटो काढतात आणि तू वर काय बघतेस?" भाचीनं विचारलं.

यारीच बघत होते. माझे बाबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरलेल्या गोण्या मोजायच्या, फुटलेल्या वेगळ्या लिहायच्या, वखारीत कुठल्या थप्पीला काय लागलं याची नोंद ठेवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे मला या इमारतींची रचना लगेच उमगली. कालव्यातून पडाव येणार, यारीचा आकडा खाली सुटणार, गोणी वर चढणार आणि मजल्याच्या दारातून माणसं ती आत ओढून घेणार. मागच्या बाजूला रस्ता, तिथून माल गाडीत भरायचा. एका दारानं पाणी, दुसऱ्या दारानं जमीन. कॉफी, चहा, कोको, मसाले, तंबाखू आणि इराण-अफगाणिस्तानचे गालिचे इथे वर्षानुवर्षं पडून असत, कारण हे मुक्त बंदर होतं. माल शहराच्या बाजूला जाईपर्यंत त्यावर जकात नव्हती.

ही सगळी वसाहत जकातीच्या हिशेबातूनच जन्माला आली. हॅम्बुर्गला जर्मन साम्राज्याच्या जकात संघात सामील व्हावं लागलं, तेव्हा त्यानं बंदरापुरता एक तुकडा जकातमुक्त राखून घेतला. 1883 साली बांधकाम सुरू झालं, 1888 च्या ऑक्टोबरात कैसर दुसरा विल्हेल्म उद्घाटनाला आला. ओकच्या हजारो खांबांवर उभी राहिलेली ही गोदामं 2015 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत आणि ती आहेतही तशीच देखणी. संध्याकाळी दिवे लागले की विटांचा रंग पाण्यात उतरतो. हॅम्बुर्गला दोनच दिवस मुक्काम असेल तर त्यातली एक संध्याकाळ इथे काढा.

पण इथे आधी माणसं राहत होती. केरवीडर आणि वांडराम या दोन बेटांवर घरं होती, बंदरात राबणाऱ्यांची वस्ती होती. गोदामांसाठी सुमारे 20,000 लोकांना उठवलं गेलं. मला या प्रवासात पुढे जे जे बघायला मिळालं, त्याचा धागा या आकड्यापाशी सुरू होतो. ही माणसं गेली कुठे?

बरीचशी शहरातल्या आधीच दाटलेल्या गल्ल्यांमध्ये गेली. गेंगेफिअर्टेल म्हणतात त्या भागाला. बंदरातलं काम रोजंदारीचं, पहाटे जो हजर त्याला हजेरी, तेव्हा लांब राहायला जाणं परवडणार कसं? वाकल्याशिवाय आत शिरता येणार नाही अशी बोळं, लाकडी घरं, खोलीत भाडेकरू, भाडेकरूच्या खाटेला पुन्हा पोटभाडेकरू. आज व्हॅलेंटिन्सकाम्पजवळ त्यातल्या थोड्याच इमारती उरल्या आहेत. 2009 साली त्याही पडणार होत्या. कलाकारांनी आत शिरून ठाण मांडलं आणि अखेर शहरानं त्या बांधकाम कंपनीकडून परत घेतल्या. तिथलं अंगण अर्ध्या तासात बघून होतं, पण ते चुकवू नका.

श्पायशरश्टाटच्या उद्घाटनाला चार वर्षंही झाली नव्हती, आणि 1892 च्या ऑगस्टमध्ये या गल्ल्यांत कॉलरा शिरला.

या शहरात पाण्याचे नळ होते. 1842 च्या मोठ्या आगीनंतर विल्यम लिंडली या इंग्रज इंजिनिअरनं गटारं आणि पाणीपुरवठा दोन्ही बांधून दिले होते. पण नळाला येणारं पाणी एल्बचं होतं, न गाळलेलं. वाळूचे गाळणतलाव बांधायचे की नाही, खर्च कुणी सोसायचा, यावर वर्षानुवर्षं खल चालला होता. शेजारी अल्टोना हे प्रशियाचं वेगळं शहर. त्याची पाणी घेण्याची जागा हॅम्बुर्गच्याही खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी त्यांच्या वाट्याला. तरी अल्टोना ते पाणी वाळूतून गाळून घेत असे. दोन्ही शहरांची हद्द काही ठिकाणी एकाच रस्त्यावरून जायची. तिथे रस्त्याच्या हॅम्बुर्ग बाजूला घराघरात रोगी निघाले आणि समोरच्या अल्टोना बाजूला जेमतेम. हवा तीच, जमीन तीच, माणसंही त्याच कष्टाची. फरक फक्त नळाचा. पाण्यातून कॉलरा पसरतो हे न मानणारे मोठमोठे डॉक्टर त्या काळात होते. त्यांच्यासमोर हा रस्ताच पुरावा म्हणून उभा राहिला.

बर्लिनहून रॉबर्ट कॉख आला. आठ वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या तलावांत कॉलऱ्याचा जंतू शोधून गेलेला हाच तो. गेंगेफिअर्टेल बघून, आपण युरोपात आहोत याचा मला विसर पडतो, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. ते वाक्य मला लागलं. त्यात आपल्याकडच्या वस्त्या गृहीत धरलेल्या होत्या. पण त्यानं ते हॅम्बुर्गच्या श्रीमंत कारभाऱ्यांना ऐकवलं आणि ते त्यांना झोंबलं. काही आठवड्यांत सुमारे 8,600 माणसं मेली.

राटहाउसचं अंगण त्यासाठीच बघायला हवं. 1897 साली पुरी झालेली ही नगरपालिकेची भव्य इमारत बाहेरून सगळेच बघतात. आतल्या चौकात मात्र एक कारंजं आहे. वर हायजिया, आरोग्याची ग्रीक देवता, हातातल्या भांड्यातून पाणी ओतते आहे आणि तिच्या पायाखाली एक ड्रॅगन आहे. तो ड्रॅगन म्हणजे कॉलरा. मी जवळ जाऊन पाहिलं, त्याचं अंग पाण्यानं सतत ओलं होतं. ज्या सत्ताधाऱ्यांनी गाळणतलाव लांबणीवर टाकले त्यांच्याच दारात, रोज येता-जाता दिसेल असा, तो त्यांनी स्वतः बसवून घेतला. याबद्दल मला हॅम्बुर्गविषयी आदर वाटतो.

आपल्याकडचा धागा इथे जवळून जातो. त्याच 1892 च्या जुलैत, पॅरिसमध्ये वाल्डेमार हाफकिननं कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतली होती. पुढच्या वर्षी तो हिंदुस्थानात आला. 1896 साली मुंबईत गोदीलगतच्या मांडवीत प्लेग सुरू झाला तेव्हा त्याला मुंबईला बोलावलं गेलं आणि 1897 च्या जानेवारीत भायखळ्याला त्यानं प्लेगची लसही आधी स्वतःलाच टोचली. परळची हाफकिन संस्था त्याच्या नावाची. मुंबईतही साथीमागोमाग 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाटीच्या गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढले गेले, आणि ज्यांची घरं गेली ती माणसं पुन्हा दुसरीकडे दाटीनं राहिली. दोन्ही बंदरांची गोष्ट अशी एकाच वळणानं गेली आहे.

हॅम्बुर्गनं साथीनंतर ज्या वस्त्या पाडल्या, तिथे पुढे कचेऱ्यांचा भाग उठला. चिलेहाउस त्यातलं सर्वांत नावाजलेलं. चिलीच्या सोऱ्याच्या व्यापारात पैसा कमावलेल्या हेन्री स्लोमानसाठी फ्रिट्झ ह्योगरनं 1922 ते 1924 मध्ये ते बांधलं. 48 लाख गडद विटा. पूर्वेच्या टोकाशी उभं राहिलं की जहाजाची नाळ अंगावर येते. मान मोडेपर्यंत वर बघा आणि मग पायाखालच्या जमिनीवर कोण राहत होतं तेही आठवा.

सांक्ट निकोलाय चर्चचा भग्न मनोरा तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. 1842 च्या आगीत जुनं चर्च जळालं, तेव्हा नव्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं केला. हे नाव वाचलं आणि मी थबकले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याचाच! लंडनला बसून, मुंबईत पाऊल न ठेवता त्यानं तो रेखाटला. हॅम्बुर्गचा मनोरा 1874 साली पुरा झाला, 147 मीटर, आणि दोन वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत होता. राजाबाई त्यानंतर चार वर्षांनी, 1878 मध्ये उभा राहिला. टोकाकडे निमुळती होत गेलेली दगडी जाळी पाहताना मला ओव्हल मैदानातून दिसणारा तो घड्याळाचा मनोरा आठवत होता.

निकोलायचा फक्त मनोरा आणि काही भिंती उरल्या आहेत. 1943 च्या जुलैत दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हॅम्बुर्गवर बॉम्बफेक केली, तेव्हा वैमानिकांना दिशा धरायला हाच उंच मनोरा उपयोगी पडला. 27 जुलैच्या रात्री पूर्वेकडच्या कामगार वस्त्यांत आगीचं वादळ उठलं. त्या दहा दिवसांत 35 ते 40 हजार माणसं मेली. तळघरात त्याचं संग्रहालय आहे, आणि या युद्धाची सुरुवात जर्मनीनं केली हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. गोदीतल्या घरांत 14 एप्रिल 1944 च्या स्फोटाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं त्या दिवसाच्या. त्या तळघरात मला फार वेळ थांबता आलं नाही.

आल्स्टर तळ्याकाठचं अटलांटिक हॉटेल बाहेरूनच पाहिलं. 11 सप्टेंबर 1942 रोजी सुभाषबाबूंच्या उपस्थितीत 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून पहिल्यांदा वाजलं ते इथे. एल्बफिलहार्मोनीच्या गच्चीवर जा, वारा खा. 2017 साली उघडलेलं हे काचेचं संगीतगृह जुन्या कोको-गोदामाच्या डोक्यावर बांधलं आहे.

बंदर बघायला पर्यटकांची महागडी बोट घेऊ नका. लांडुंग्सब्र्युकेनच्या धक्क्यावरून 62 नंबरची फेरी शहराच्या साध्या तिकिटात फिरवून आणते. आणि तिथूनच जुन्या एल्ब बोगद्यात उतरा. 1911 साली तो खुला झाला तो पलीकडच्या जहाज कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांसाठी. होड्या पुरेनात, धुक्यात आणि बर्फात त्या अडकत. दाबाखालच्या हवेत खणताना काही मजूर दगावले. प्रचंड लिफ्टनं 24 मीटर खाली गेलं की पांढऱ्या फरशांची नळी समोर येते, 426 मीटर लांब. भिंतीवर मधूनमधून मातीची उठावाची चित्रं आहेत. मासे, खेकडे, सील, आणि एका ठिकाणी फाटका बूट व त्याच्याभोवती उंदीर. नदीच्या तळाशी जे खरोखर असतं ते कलावंतानं घडवलं आणि रोज कामावर जाणाऱ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावलं. मी त्या बुटावरून बोट फिरवलं. वरची झिलई गुळगुळीत झाली होती.

शेवटच्या दिवशी भाचीला म्हटलं, मला काल्टेहोफला जायचंय. तिनं हे नावही ऐकलेलं नव्हतं. रोथेनबुर्गसॉर्टला एस-बानमधून उतरून चांगलं अर्धा-पाऊण तास चाललो. एल्बमधल्या या बेटावर 1893 च्या मेमध्ये, साथीनंतर घाईघाईनं पुरे करून, गाळणतलाव सुरू झाले. मोठमोठे चौकोनी हौद, तळाशी वाळू. पाणी वरून सोडायचं, ते सावकाश झिरपायचं. वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांची साय धरते आणि ती साय रोगाचे जंतू अडवते. साय जाड झाली की माणसांनी आत उतरून फावड्यानं ती खरवडायची. इतकं साधं काम. 1990 पर्यंत ते चाललं.

आता तिथे संग्रहालय आहे आणि हौदांवर झाडी वाढली आहे. काठाकाठानं लाल विटांची छोटी घरकुलं आहेत, आत पाणी सोडण्या-अडवण्याच्या झडपा. एका घरकुलाच्या पायरीवर आम्ही डबा उघडून बसलो. समोरच्या हौदात बदकं होती.

"मावशी," भाची म्हणाली, "आजोबांच्या चाळीत पाणी किती वाजता यायचं?"

"पहाटे साडेचारला," मी सांगितलं. "आणि सहाला जायचं."