अक्षरांतला अंगठा

अक्षरांना पोट असते. पूर्वीच्या लेखनिकांच्या बोरूच्या रेघेत ते जेमतेम दिसे. पण गेल्या काही वर्षांत अक्षरे अशी काही पोसली आहेत, की त्यांच्या पोटात वाटेल ते भरता येते. आमच्या धनज बुद्रुकला बसमधून उतरावे आणि मान वर करावी. एका फलकावर ‘वाढदिवस’ या शब्दात ज्वाळा भडकलेल्या, दुसऱ्यावर कुणा ‘भाऊ’ला आडवेउभे सोने लागलेले, तिसऱ्यावर एका तरुण नेत्याच्या नावात अख्खा वाघ. बिचाऱ्या वाघाचा एक डोळा एका अक्षराच्या दांडीत आणि दुसरा शेजारच्या अक्षराच्या पोटात. मधल्या मोकळ्या जागेत नाक गेले ते गेलेच!

हे कसे करतात, ते मला माझ्या पुतण्याने शिकवले. तो लग्नपत्रिका, फलक, शाळांची प्रमाणपत्रे असली कामे करतो. संगणकावर चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, तेव्हा ही थरांची सोय त्यात नव्हती. ती १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. खालच्या थरावर जाड ठशाचा शब्द लिहायचा. त्याच्या वरच्या थरावर छायाचित्र ठेवायचे; शब्द त्याखाली पार झाकला जातो. मग आल्टची कळ दाबून धरायची आणि दोन थरांच्या मधल्या रेघेवर टिचकी मारायची. क्षणात छायाचित्र चहूकडून नाहीसे होते आणि उरते फक्त अक्षरांच्या आत. याला म्हणतात क्लिपिंग मास्क.

मला यात नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. दिवाळीच्या कंदिलावर आपण ‘शुभ दीपावली’ कातरतो आणि आतून लाल जिलेटीनचा कागद चिकटवतो, तोही एक प्रकारचा मास्कच. पण तिथे खिडकी वर असते आणि रंग तिच्या मागे. इथे उलटे. आकार खाली आणि चित्र वर. खालचा वरच्याला सांगतो, की तू एवढाच दिसशील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसारखेच हे. ती खाली अंथरुणावर पडून असतात आणि उभ्या माणसांना आकार देतात.

दुसरे असे, की क्लिपिंग म्हणजे कातरणे. पण यात कातरले काहीच जात नाही.

“मोठेबाबा, हे पाहा,” पुतण्या म्हणाला, “फोटो पुराच्या पुरा आहे. सरकवला का दुसरं दिसते.” त्याने माऊसने चित्र ओढले आणि अक्षरांतून वाघाचे कान, पाठ, शेपूट अशी मिरवणूक निघाली. शब्दही तसाच, त्याचे शुद्धलेखन मागाहून सुधारता येते. मराठी माणसाला ही केवढी सोय! अर्थात जुन्या फोटोशॉपला आपली जोडाक्षरे नीट जुळवता येत नसत, ऱ्हस्व वेलांटी अक्षर ओलांडून भलतीकडे जाऊन बसे. म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या वेगळ्या ठशांवर भागवत आली.

अक्षरांत चित्र भरणे हे मला एरवी थोडे आळशीपणाचे वाटते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरे ज्यांनी वर्तमानपत्रात पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अक्षराच्या वळणातच नाटकाचा स्वभाव उतरे. आत ज्वाळा भरण्याची गरज पडत नसे. तेव्हा आमच्या घरात हा विषय निघाला नसता, तर मी या विद्येला हसून मोकळा झालो असतो.

माझी आई गेली, तिला वर्ष होत आले होते. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला एक तसबीर करावी, असे ठरले. तसबिरीत एकच शब्द असावा आणि त्यात आजी असावी, ही पुतण्याची कल्पना. शब्द कोणता यावर फार वाद झाला नाही. ‘आई’ आम्ही पुस्तकात वाचली. घरात होती ती ‘माय’.

पण ‘माय’ हा शब्द चित्राला मोठा कठीण. तुम्हीच लिहून पाहा. तीन दांड्या, वर आडवी शिरोरेघ आणि म व य यांच्या डाव्या अंगाला थोडीशी वळणे. बाकी सगळी मोकळी जागा. मायचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, कडेला उभी असलेली. तो भरला तर चेहरा नेमका म ची दांडी आणि काना यांच्या मधल्या फटीत जाई. चेहरा दांडीवर आणला तर एक डोळा आणि पदराचा काठ एवढेच दिसे. वाघाला मी हसलो होतो; इथे हसू आले नाही. लिपीत जागाच नाही, आणि ती आयुष्यभर लिपीच्या बाहेरच राहिली होती. एसटीची पाटी तिला वाचता येत नसे; ‘कारंजा’ आणि ‘अमरावती’ यांतला फरक ती पाटीच्या लांबीवरून ओळखी.

दुसरा फोटो मिळतो का म्हणून पेटी उपसली, तेव्हा वाटणीपत्र निघाले. मुद्रांकाच्या कागदावर खाली जांभळ्या शाईचा ठसा आणि त्याभोवती लेखनिकाच्या अक्षरात ‘नि. डा. हा. अं.’ निशाणी डाव्या हाताचा अंगठा. पुतण्या बराच वेळ कागद बघत राहिला आणि म्हणाला, “हाच भरतो.”

माझा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचा बाप, भडकला. “लोकं काय म्हनतीन? अंगठाछाप होती म्हून गावाले सांगता का?”

त्याचा राग मला कळत होता. मायच्या अंगठ्यावर घर चालले. पण ‘अंगठाबहाद्दर’ ही शिवी आम्ही दोघांनीही शाळेत ऐकली होती. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदाराने एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. माणूस शब्द फिरवील, ठसा फिरवता येणार नाही, असा त्याचा हिशेब. पुढे ठशांचे शास्त्र झाले, कचेऱ्या निघाल्या, आणि आता तर शिकलेसवरलेलेही जागोजागी यंत्रावर बोट टेकवतात. अंगठा सगळ्यांचा झाला, शिवी मात्र ज्यांची त्यांच्याकडेच राहिली. गंमत अशी, की शेवटी शेवटी यंत्र मायचा अंगठा ओळखीत नसे. निंदण-खुरपणीत रेषा झिजून गेल्या होत्या. वाटणीपत्रावरचा ठसा त्याच्या कितीतरी आधीचा, रेषा शाबूत असतानाचा.

बहीण स्वयंपाकघरातून बोलली, “होती त होती. कोनाचं बुडवलं तिनं?”

भाऊ गप्प बसला. ते मान्य करणे नव्हे, एवढे मला त्याच्या पाठीवरून कळले.

पुतण्याने ठसा इंचाला बाराशे ठिपके या बारकाईने स्कॅन केला. इंचभर अंगठ्याचा फूटभर शब्द करायचा, तर इंचाला शंभरच ठिपके उरतात. हातात धरायच्या पत्रिकेला तीनशे लागतात. भिंतीवर लांबून पाहायच्या गोष्टीला शंभर पुरतात. अंगठा उभा आणि शब्द आडवा, म्हणून ठशाचा मधला पट्टाच अक्षरांत येत होता. वरचा-खालचा भाग दडलेला. पण चेहऱ्यासारखी इथे अडचण नव्हती. रेषा एका दांडीतून निघून फट ओलांडत आणि पुढच्या दांडीत पुन्हा सापडत. न दिसलेला भाग डोळा आपणच जोडून घेई. शिरोरेघेत तर त्या तासांसारख्या ओळीने लागल्या होत्या.

भाऊ केव्हा मागे येऊन उभा राहिला, कळले नाही.

ठशात एके ठिकाणी रेषा तुटून पांढरी तिरपी फट पडली होती. पुतण्याला ती शाईची चूक वाटली आणि तो ती पुसायला निघाला. भावाने त्याचा हात धरला. सोयाबीन सोंगताना विळा उजव्या हातात असतो आणि धसकटे धरलेली असतात डाव्यात. त्या दिवशी मी शहरात होतो. धुऱ्यावर तोच होता, आपल्या दुपट्ट्याची चिंधी फाडून त्यानेच बांधली होती.

ती पांढरी रेघ त्या वेळी म आणि काना यांच्या मधल्या मोकळ्या जागेत अर्धी बुडाली होती.

“थोडा डावीकडं घे,” भाऊ म्हणाला. “अजून थोडा. दांडीत येऊ दे.”