सकाळी एक वाजता

पहिल्याच दिवशी मी शाळेत सहा तास उशिरा पोचले.

कराडजवळच्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षं गणित शिकवलं. एस.टी. चुकली, कृष्णेला पूर आला, लेक तापानं फणफणली, पण प्रार्थनेची घंटा माझ्यावाचून कधी वाजली नाही. आणि निवृत्तीनंतर हौसेनं दहा आठवड्यांसाठी टांझानियात मोशीला गेले, तर पहिल्याच दिवशी हे. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझा हात बराच वेळ हातात धरून सांगितलं होतं, "साआ म्बिली." स्वाहिलीचे आकडे मी विमानात घोकले होते. म्बिली म्हणजे दोन. दुपारपाळीची शाळा असेल, म्हटलं. कडक इस्त्रीची सुती साडी नेसून दोनच्या ठोक्याला फाटकात उभी राहिले, तेव्हा पोरं दप्तरं आवरून घरी निघायच्या बेतात होती.

तिथं दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन, भर दुपारचे बारा म्हणजे सहा. घड्याळं आपल्यासारखीच लावलेली असतात. फक्त काटा आठवर असला की बोलताना दोन म्हणायचं, म्हणजे तबकडीवर बरोबर समोरचा आकडा वाचायचा. मोशी विषुववृत्ताच्या जेमतेम तीन अंश खाली. बारा महिने सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यानच उगवतो, म्हणून हा हिशेब कधी बिघडत नाही. मला आधी हे वेडगळ वाटलं. मग आजी आठवली. "दिवस कासराभर वर आला तरी अजून अंथरुणात?" हे तिचं घड्याळ. पंचांगातल्या घटिकासुद्धा सूर्योदयापासूनच मोजायच्या. सगळं जग घोरत असताना मध्यरात्री तारीख बदलायची, यातच खरं तर काय शहाणपण आहे?

मुख्याध्यापक रागावले नाहीत. "पोले," एवढंच म्हणाले. हा शब्द मी तिथं दिवसातून वीस वेळा ऐकला. ठेच लागली, पोले. प्रवास करून आलात, पोले. शेतात कुणी राबत असलं तर जाता जाता "पोले ना काझी", म्हणजे कामाचे कष्ट पडताहेत हो तुम्हाला. माफी नाही, कीवही नाही. मराठीत याला शब्द शोधत बसले. "अगंबाई" त्याच्या जरा जवळ जातो.

राहायला एका बाईंच्या घरी खोली होती. त्यांचं किराण्याचं छोटं दुकान होतं. दुकानाला तिथं 'दुका' म्हणतात. साबणाला 'साबुनी', गाडीला 'गारी', साखरेला 'सुकारी'. अरबी, फारसी, हिंदुस्थानी शब्द पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तिकडं उतरलेले. त्यामुळं भाषा ओळखीची वाटते आणि तिथंच ती गंडवते. नात्यांचं तर विचारूच नका. तिथं मामा म्हणजे आई. काका म्हणजे थोरला भाऊ, दादा म्हणजे थोरली बहीण, बीबी म्हणजे आजी. बाबा तेवढे बाबाच राहिले. घरच्या बाईंना मीही मामाच म्हणायचे. फोनवर मी घरी सांगितलं, "आज मामांनी चपात्या केल्या होत्या, पदर सुटलेल्या, तेलात भिजलेल्या," तर हे विचारतात, "कुठले मामा? सांगलीचे?" बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची पद्धत असल्यानं माझं स्वतःचं नाव दुसऱ्याच दिवशी गेलं आणि लेकीच्या नावापुढं मामा लागलं. लेकीला कळलं तेव्हा ती फार खूश झाली.

वयाला मान मात्र भरपूर. लहानानं मोठ्याला "शिकामो" म्हणायचं, मोठ्यानं "मराहाबा" म्हणून तो स्वीकारायचा. शिकामो म्हणजे मुळात पाय धरतो. आपला वाकून नमस्कार तिथं तोंडी झालाय. मी पहिल्या आठवड्यात पहिलीतल्या एका मुलीला उलट "शिकामो" म्हणाले. सगळी गल्ली हसली.

एका संध्याकाळी दिवे गेले. मामा बाहेरगावी. मी मेणबत्ती लावून निवांत बसले. लोडशेडिंगमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला काय त्याचं! शेजारी उजेड दिसत होता, तर फेज गेली असेल म्हटलं. दोन तासांनी शेजारच्या पोरानं डोकावून भिंतीवरच्या डबीकडं बोट केलं, 'लुकू'. विजेचे पैसे तिथं आधी भरायचे, मोबाईलवर वीस आकडी क्रमांक येतो, तो मीटरवर दाबायचा. आमचे संपले होते. त्या पोरानं आकडे वाचले, मी दाबले, आणि अशी माझी स्वाहिली अंकांची पहिली तोंडी परीक्षा झाली. दोनदा नापास, तिसऱ्यांदा उजेड.

आता शाळेचं. चौथीच्या वर्गात ७४ मुलं, एका बाकावर तिघं. मला इंग्रजीतून गणित शिकवायला सांगितलं होतं. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि माध्यमिकला गेल्याबरोबर सगळं इंग्रजीत होतं. मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेलेल्या पोरांची तोंडं मी पाहिलेली आहेत, त्यामुळं ही खाई किती खोल असते ते मला सांगायला नको. हेतू चांगला होता: आत्तापासून कानावर पडावं. झालं असं, की मी एक वाक्य बोलायचे आणि वर्गशिक्षिका ते स्वाहिलीत सांगायच्या. म्हणजे एका बाईंचं काम दुप्पट करायला मी विमानाचं भाडं भरून आले होते. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, मला फळ्यावरून काढा. बाईंच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती त्यांनी फार सभ्यपणे लपवली. परदेशातून महिना-दोन महिने येऊन शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत तेव्हापासून जरा कडवट आहे, आणि त्यात मी स्वतःला धरलेलं आहे.

मग त्यांनी मला मागं पडलेली आठ मुलं दिली आणि आंब्याखालची जागा दिली.

४२ वजा १७. आठांपैकी सहा जणांचं उत्तर ३५. चारातून एक गेला तीन, सातातून दोन गेले पाच. मला इतका आनंद झाला! हीच चूक, अगदी हीच, मी कराडात पाचवीच्या पोरांत वर्षानुवर्षं पाहिली होती. मोठ्या आकड्यातून लहान काढायचा, तो वर आहे की खाली ते बघायचंच नाही. आता मी कुठं आहे ते मला कळलं. सकाळी मुलं अंगण झाडायची, तेव्हा खराट्याच्या काड्या हव्या तेवढ्या मिळत. दहा-दहाच्या जुड्या रबरानं बांधल्या, बाकीच्या सुट्या ठेवल्या. दशक आणि सुटे. सात द्यायचेत आणि सुटे दोनच आहेत, तर जुडी सोडायची. जुडी सोडताना माझ्या तोंडून सवयीनं "हातचा" निघून जायचं. आठवड्याभरात आठही जणं रबर काढताना "हातचा" म्हणू लागली. त्यांना तो मंत्र वाटत असणार.

बदल्यात त्यांनी मला अंक शिकवले. अकरा म्हणजे 'कुमी ना मोजा', दहा आणि एक. एकोणतीस म्हणजे 'इशिरिनी ना तिसा', वीस आणि नऊ. एक ते नऊ, मग दहा-वीस ते नव्वद आणि शंभर, असे एकूण एकोणीस शब्द आले की शंभरापर्यंत सगळं आलं. आणि हा 'एकोणीस' शब्दच बघा: म्हणायचा विसाला एक कमी आणि लिहायचा एकावर नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन सुचवलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्या शांतपणे समजावत राहिल्या आणि बाकी सगळे विनोद करत राहिले. आमच्या स्टाफरूममधला सगळ्यात झोंबरा विनोद माझा होता. मोशीत मी एका संध्याकाळी शंभरापर्यंत शिकले, तेव्हा तो विनोद आठवला आणि चहा गोड लागेना.

तरी एक सांगायला हवं. अंकांची नावं इतकी सरळ असूनही त्या आठांपैकी सहा जणांचं उत्तर ३५ च येत होतं. नावानं मोजणं सोपं होतं, वजाबाकी नाही. त्याला जुडी सोडून बघावी लागते, आणि एका बाईला ७४ मुलांच्या जुड्या सोडवायच्या कशा?

टेबलावर छडी असे. ती वापरलीही जाई. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी आंब्याखाली उभी राहिले, आणि पुन्हा खाली बसले. आमच्याकडं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं छडी बंद केली, पण माझी नोकरी त्याच्या कितीतरी आधी लागली होती आणि माझ्याजवळ लाकडी फूटपट्टी होती. मी काय बोलणार होते? आठांमधल्या कुणाला बोलावणं आलं की "अजून गणित संपलं नाही" असं खोटं मात्र सांगायची. ते दर वेळी चालायचं नाही.

किलिमांजारो पाहिला का, असं सगळे विचारतात. पाहिला. रोज सकाळी, धुणं वाळत घालताना. ५,८९५ मीटरांचा डोंगर आणि वर पांढरी टोपी. नऊ-दहापर्यंत ढग येऊन तो झाकून टाकत. चढायचं माझ्या गुडघ्यांना कुणी सुचवलंसुद्धा नाही.

मार्चअखेर मोठा पाऊस, मसिका, सुरू झाला आणि आंब्याखालचा वर्ग व्हरांड्यात आला. निघताना पाच जणांची ४२ वजा १७ बरोबर येत होती. दोघांची कधी येई, कधी नाही. एक मुलगा शेवटच्या पंधरवड्यात शाळेतच आला नाही; विचारलं तर त्याची आई दुसऱ्या गावी गेल्याचं कळलं.

परवा मामांचा निरोप आला: रविवारी फोन करते, साआ तातू. तातू म्हणजे तीन, म्हणजे आपले नऊ, त्यात अडीच तास मिळवले की साडेअकरा. रविवारी सगळं आवरून फोन घेऊन बसले. बारा वाजले, एक वाजला. मग लक्षात आलं, सकाळचे की रात्रीचे ते विचारायचं राहिलंच. ह्यांना म्हटलं, तुम्ही झोपा, मी जागी आहे.