पिठाचा कोंबडा

जानेवारी २०२१. दीपनगरातील एका किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी नातू आजोबांना मोबाइलवर प्लेस्टेशन ५ दाखवीत होता. अमेरिकेत ते नोव्हेंबरातच विक्रीस आले होते. भारतात २ फेब्रुवारीस यावयाचे होते. किंमत ४९,९९० रुपये, आगाऊ नोंदणी १२ जानेवारीपासून.

“दादाजी, धनुष्य ओढले की हातातले बटणही ताठरते, प्रत्यंचेसारखे!”

वानगी पाहिल्याशिवाय कधी माल न उचललेल्या आजोबांनी एवढेच विचारले, “बाण कोणावर सुटतो?”

“पडद्यावरच्या माणसांवर. खरे कोणी मरत नाही.”

आजोबांनी यशोधर राजाची कथा सांगितली. त्याने बळी दिला तो पिठाचा कोंबडा. तरीही मारण्याच्या संकल्पाचे फळ त्याला अनेक भव भोगावे लागले.

नातू क्षणभर थबकला. “मग रोज रात्री आपण बुद्धिबळात घोडा मारतो, ते?”

आजोबांपाशी उत्तर नव्हते. दोघांनी मिळून त्या यंत्रावरील फुटबॉलचे आणि मोटारशर्यतीचे खेळ पाहिले. आगाऊ नोंदणी मात्र केली नाही. घोड्याचा प्रश्न चातुर्मासात महाराजसाहेबांपुढे मांडावयाचा, असे ठरले. त्या रात्री बुद्धिबळाचा पट मांडताना घोडा हातात धरून आजोबा बराच वेळ बसून होते.