दोन पाकिटं, एकच औषध

२०२१ मधली गोष्ट. बार्शीतल्या एका दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी आमच्या कंपनीच्या एमआरबरोबर, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देत फिरणाऱ्या प्रतिनिधीबरोबर, बसलो होतो. मुंबईहून जॉइंट वर्कला, म्हणजे त्याच्यासोबत फील्डवर फिरायला, आलो होतो. शेजारच्या मावशींनी पिशवीतून गोळ्यांची दोन पाकिटं काढली आणि विचारलं, "साहेब, यातली जेवायच्या आधी कुठली घ्यायची?"

एक पाकीट माझ्याच ब्रँडचं होतं, दुसरं वेगळ्या कंपनीचं. औषध दोन्हींत एकच, मधुमेहाचं व्हिल्डाग्लिप्टिन. एक इथल्या डॉक्टरांनी लिहिलेलं, दुसरं सोलापूरच्या. मावशी दोन्ही घेत होत्या, सकाळ-संध्याकाळ. मूळ नाव पाकिटांवर होतं, पण इंग्रजीत. "मावशी, आत गेलात की आधी ही दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा," मी म्हणालो. त्या गोंधळल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आत गेलो आणि त्यांनी पाकिटं टेबलावर ठेवेपर्यंत थांबलो.

परतीच्या प्रवासात झोप लागली नाही. बी. फार्म. झाल्यावर पाच वर्षं लातूर भागात एमआर म्हणून फिरलो, मग अंधेरीच्या ऑफिसात पीएमटीत, म्हणजे ब्रँड सांभाळणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट टीममध्ये आलो, त्याला नऊ वर्षं झाली होती. डिसेंबर २०१९मध्ये व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट संपलं आणि बाजारात ब्रँडची रांग लागली. आमचा ब्रँड वेगळा दिसावा म्हणून नाव, रंग, किंमत, डॉक्टरांना दाखवायच्या पुस्तिकेचं, म्हणजे व्हिज्युअल एडचं, पहिलं पान यांवर मी रात्री जागवल्या होत्या. डॉक्टरांना काय सांगायचं याची उत्तरं माझ्याकडे तयार असत. पिशवी घेऊन बसलेल्या बाईसाठी मात्र मी एक ओळही लिहिली नव्हती.

पुढे काय, हा प्रश्न तसाही जवळ आलाच होता. पीएमटीत वर जाल तशा जागा कमी होतात. ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर तीन-चार, मार्केटिंग हेड एक. मी बाहेर पडलेल्या जुन्या सहकाऱ्यांना भेटायला लागलो. एक जण सेल्समध्ये परतला होता, त्याला महिन्याचे वीस दिवस फील्ड आवडतं. माझ्या घरी ते जमलं नसतं. एक जण नवी मॉलिक्यूल्स मिळवण्याच्या वाटाघाटी करत होता. प्रिस्क्रिप्शन ऑडिटच्या, म्हणजे डॉक्टर कुठली औषधं लिहितात याच्या आकड्यांच्या, कामात गेलेली मैत्रीण म्हणाली, "ब्रँड प्लॅन लिहिताना तू आकड्यांना जे प्रश्न विचारतोस, तेच विचारण्याचा मला पगार मिळतो." तिच्या बोलण्याने मला माझं काम पहिल्यांदा पदापासून सुटं करून बघता आलं. नव्या एमआरना शिकवण्याच्या कामाने सर्वांत जास्त ओढ लावली, तीन महिने मी त्याच तयारीत होतो.

पण मावशी डोक्यातून जात नव्हत्या. २०२२मध्ये मी रुग्णांसाठी माहितीपत्रकं आणि ध्वनिफिती तयार करणाऱ्या एका छोट्या संस्थेत रुजू झालो. पगार चौथाईने कमी झाला. बायकोबरोबर वही घेऊन घरखर्च मांडला, गाडी घेणं पुढे ढकललं.

जुनं कौशल्य इथे पहिल्या दिवसापासून कामी आलं. डॉक्टरांसमोर एमआरला बऱ्याचदा मिनिटभरही मिळत नाही. त्यामुळे एका पानावर एकच गोष्ट सांगायची सवय मला होती. शब्द मात्र नव्याने शिकावे लागले. 'उपाशीपोटी' लिहिलं, तर लोक चहा घेऊन गोळी घेत, कारण त्यांच्या लेखी चहा म्हणजे खाणं नव्हे. आता आम्ही 'सकाळच्या चहाच्याही आधी' असं लिहितो. औषधाचं मूळ नाव देवनागरीत, मोठ्या अक्षरांत छापतो.

मार्च २०२४मध्ये सरकारची औषध विपणनाची नवी संहिता आली. डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर बंदी, माहितीपर साहित्य द्यायचं तर एका वस्तूची किंमत १,००० रुपयांपर्यंतच. त्यानंतर पीएमटीतले तरुण मला फोन करून पुढच्या वाटा विचारतात. मी त्यांना आधी फील्डवर जाऊन, डॉक्टरांना न भेटता, दिवसभर नुसतं बाहेरच्या बाकावर बसायला सांगतो. दोघे बसून आले. त्यातला एक आता ट्रेनिंगमध्ये आहे आणि मला तो निर्णय पटला.

सध्या फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन कसं ठेवायचं, यावरचं पत्रक करतो आहे. मसुदा डॉक्टरांनी तपासून दिला आहे. परवा तो घेऊन बार्शीला जाईन आणि त्याच बाकावर बसून मोठ्याने वाचून दाखवीन.